दोन अदृश्य अक्षरं आणि भाषेचं व्याकरण

जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) हा जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा उपसंच आहे, म्हणजे प्रत्येक जेसन मजकूर जावास्क्रिप्ट म्हणूनही चालतो, असं सगळेच धरून चालतात. जुलै २००६ मधल्या जेसनच्या तपशील-दस्तऐवजात, आरएफसी ४६२७ मध्येही तसंच छापलं होतं. प्रत्यक्षात ते विधान दोन अक्षरांनी चुकत होतं, आणि ती चूक निस्तरायला २०१९ साल उजाडलं. गंमत म्हणजे दुरुस्ती जेसनमध्ये झाली नाही. जावास्क्रिप्टने स्वतःचं व्याकरण बदललं.

डेटा-फॉरमॅटसाठी प्रोग्रामिंग भाषेने आपलं व्याकरण बदलावं का, हा वाद दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या भाषेत निघतो. "जेसन कॉपी केलं, कोडमध्ये चिकटवलं, चाललं पाहिजे" एवढीच मागणी असते. ऐकायला साधी. पण तिच्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात: तो मजकूर भाषेच्या पार्सरला (मजकूर वाचून अर्थ लावणाऱ्या भागाला) पचतो का, आणि पचला तर त्यातून जेसन-पार्सरने दिली असती तीच किंमत (व्हॅल्यू) निघते का? पहिल्याचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" असेल, तर आधीची एरर बरी होती असं म्हणायची वेळ येते.

आधी ती दोन अक्षरं. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या यादीत यू+२०२८ हा ओळ-विभाजक आणि यू+२०२९ हा परिच्छेद-विभाजक. जेसनच्या स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) एस्केप न करता, म्हणजे बॅकस्लॅशच्या सांकेतिक रूपाऐवजी थेट, लिहायला मनाई आहे ती फक्त दुहेरी अवतरणाला, बॅकस्लॅशला आणि यू+०००० ते यू+००१एफ या नियंत्रण अक्षरांना. बाकी सारं युनिकोड खुलं, म्हणजे ही दोन अक्षरंही. जावास्क्रिप्टने मात्र १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत या दोघांना न्यूलाइन आणि कॅरेज रिटर्नच्या पंक्तीला बसवलं होतं. ओळ संपवणारं अक्षर स्ट्रिंग लिटरलमध्ये (कोडमध्ये थेट लिहिलेल्या स्ट्रिंगमध्ये) उघडं चालत नाही, त्यामुळे तोच मजकूर जेसन म्हणून वैध आणि जावास्क्रिप्ट म्हणून सिंटॅक्स एरर.

जेसन.पार्स (जेसन मजकूर वाचणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) वापरणाऱ्याला याचा त्रास नव्हता. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीत ते फंक्शन आलं आणि ते जेसनच्याच नियमाने वाचतं. अडत होतं ते जिथे जेसनचा मजकूर जावास्क्रिप्टचा कोड म्हणून इंजिनापुढे जातो तिथे. जेसनपीचं (स्क्रिप्ट टॅगमधून डेटा मागवायच्या जुन्या युक्तीचं) उत्तर, सर्व्हरने एचटीएमएल पानातल्या स्क्रिप्ट टॅगमध्ये ओतलेला डेटा, बिल्ड करताना तयार होणारी डेटा-मॉड्यूल्स, आणि जुना इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन). मांडणीच्या किंवा लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून चिकटवलेल्या मजकुरात यू+२०२८ डोळ्यांना दिसत नाही, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि एरर सांगते की स्ट्रिंग बंदच झाली नाही. एडिटरमध्ये बघावं तर अवतरण जागच्या जागी. हजारो नोंदींपैकी एका नोंदीच्या वर्णनात ते अक्षर असलं की अख्खं पान कोरं.

यावर उपाय तीन दिसतात. पहिला, जेसनच बदला. हा लगेच बाद होतो, कारण जेसनला आवृत्ती-क्रमांकच नाही. "हा मजकूर नव्या जेसनचा आहे" असं मजकुरात सांगायची सोयच नसल्यामुळे उद्या एखादी गोष्ट अवैध ठरवली, तर आज साठवून ठेवलेल्या फायली बिनबोभाट अवैध होतात. उलट बाजूने, टिप्पण्या किंवा शेवटचा स्वल्पविराम चालू द्या म्हटलं तर जगातले जुने पार्सर त्या फायलींवर अडतात. म्हणून जेसन५ सारखी मंडळी वेगळं नाव घेऊन बाहेर पडली, आणि तेच योग्य.

दुसरा उपाय, जावास्क्रिप्टच्या ओळ-संपवणाऱ्या अक्षरांच्या यादीतून या दोघांना काढून टाका. दिसायला हा सर्वांत स्वच्छ, म्हणूनच धोकादायक. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी टिप्पणी ओळीच्या शेवटी संपते. मध्ये यू+२०२८ असेल तर त्यापुढचा भाग कोड म्हणून चालतो. यादीतून ते अक्षर गेलं की तो कोड टिप्पणीत गडप. रिटर्नच्या पुढे हे अक्षर असेल तर आपोआप अर्धविराम पडतो; तेही बदललं असतं. म्हणजे आज वैध असलेल्या प्रोग्रामचा अर्थ एररशिवाय बदलणार. असे प्रोग्राम किती असतील ते मोजत बसण्यात अर्थ नाही. वेबवर जुना कोड कोणी परत तपासत नाही.

तिसरा उपाय स्वीकारला गेला: दोन्ही अक्षरं ओळ संपवणारीच राहतील, फक्त स्ट्रिंग लिटरलच्या आत उघडी चालतील. जो कोड आधी वैध होता त्याच्या अर्थाला धक्का नाही. फक्त पूर्वी एरर येणारा मजकूर आता वैध. भाषेचं व्याकरण वाकवायचं तर इतकंच वाकवावं.

बारकावे मात्र बघण्यासारखे आहेत. सूट दुहेरी अवतरणाला तशी एकेरीलाही दिली, जरी जेसनला एकेरी अवतरण माहीतच नाही. नाहीतर एक अवतरण बदललं की स्ट्रिंग मोडते असला विचित्र नियम शिकवावा लागला असता. बॅकटिकच्या टेम्प्लेट लिटरलमध्ये ही अक्षरं आधीपासूनच चालत होती. रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) लिटरलमध्ये मनाई कायम आहे, कारण जेसनमध्ये रेजेक्स नसतं आणि गरजेपेक्षा जास्त उघडायचं नाही. बॅकस्लॅशच्या लगेच पुढे उघडं यू+२०२८ आलं तर जावास्क्रिप्ट ते "पुढच्या ओळीवर चालू" म्हणून गिळून टाकतं. तेही तसंच ठेवलं. जेसनमध्ये ती जोडी मुळातच अवैध, त्यामुळे तिथे टक्कर होत नाही.

टूल लिहिणाऱ्यांनी यातून एक गोष्ट उचलायला हवी. स्ट्रिंगमध्ये हे अक्षर आलं तरी ते ओळ-संपवणारंच असल्यामुळे पार्सरला ओळींचा आकडा एकाने वाढवावाच लागतो. तो वाढवला नाही तर त्यापुढच्या सगळ्या एररचे आणि सोर्स मॅपचे (तयार कोड मूळ कोडशी जोडणाऱ्या नकाशाचे) ओळ-क्रमांक एकेक घराने सरकतात. आणि एडिटरला हे अक्षर नवी ओळ वाटत नसेल, तर पार्सर बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत.

आता २०१९ नंतर जेसन खरोखर उपसंच झाला का? व्याकरणापुरता, जवळजवळ. महिरपी कंसाने सुरू होणारा जेसन मजकूर नुसताच प्रोग्राम म्हणून दिला तर जावास्क्रिप्ट तो ब्लॉक समजतं आणि पहिल्या की-पुढच्या (की म्हणजे किमतीचं नाव) विसर्गचिन्हावर अडखळतं. म्हणूनच इव्हॅलच्या काळात आजूबाजूला गोल कंस घालायची पद्धत होती. उपसंच म्हणायचा तो "एक्स्प्रेशन"चा, अख्ख्या प्रोग्रामचा नव्हे.

किमतीच्या बाजूने खरी ठेच लागते ती '__प्रोटो__' या की-ला. जेसन.पार्स तिला साधी की मानून ऑब्जेक्टवर ठेवतं. तोच मजकूर ऑब्जेक्ट लिटरल म्हणून लिहिला तर जावास्क्रिप्ट त्या ऑब्जेक्टचा प्रोटोटाइप (ज्याच्याकडून ऑब्जेक्टला मेथड मिळतात तो) बदलतं. किंमत नल ('काहीच नाही') असेल तर प्रोटोटाइपच जातो आणि पुढे कुणीतरी त्या ऑब्जेक्टवर नेहमीची मेथड हाकारली की कोसळतं. शिवाय ही की एकाच ऑब्जेक्टमध्ये दोनदा आली तर जेसन.पार्स शेवटची किंमत घेऊन पुढे जातं, लिटरल मात्र सिंटॅक्स एरर देतं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर आजही एक जेसन मजकूर असा आहे जो जावास्क्रिप्ट नाही. कोड तयार करणारं साधन लिहीत असाल तर ही की चौकोनी कंसात, संगणित की म्हणून छापा. मग ती साधी की राहते.

आकड्यांत दोघांचं एकमत आहे, पण दोघंही एकत्र चुकतात. ९००७१९९२५४७४०९९३ लिहा, हाती ९००७१९९२५४७४०९९२ येतो, कारण २ चा ५३ वा घात ओलांडला की प्रत्येक पूर्णांक अचूक मावत नाही. २०२० मध्ये बिगइंट (हवा तेवढा मोठा पूर्णांक) आला तेव्हा आकड्यामागे एन लावायची सोय भाषेत झाली. जेसनमध्ये तो एन जाऊ शकत नाही, कारण जेसन गोठलेला. स्ट्रिंगिफायला (किमतीचं जेसन बनवणाऱ्या फंक्शनला) बिगइंट दिला तर टाइपएरर येते, आणि ते शहाणपणाचं आहे. गुपचूप गोल करून लिहिण्यापेक्षा अडणं बरं. इथे व्याकरण वाकवून उपयोग नव्हता, म्हणून उपाय एपीआयच्या बाजूने शोधला गेला: पार्सच्या रिव्हायव्हर फंक्शनला (वाचलेली प्रत्येक किंमत बदलू शकणाऱ्या) आकड्याचा मूळ मजकूर पुरवणं, आणि लिहिताना कच्चा मजकूर जसाच्या तसा ठेवू देणं.

पानात डेटा ओतणाऱ्यांसाठी व्यवहारातली पद्धत अशी. स्ट्रिंगिफायच्या निकालात प्रत्येक 'पेक्षा लहान' चिन्ह (<) बदलून त्याच्या जागी त्याचं बॅकस्लॅश-यू एस्केप घाला. त्यामुळे मजकुरात स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग आला तरी पान फुटत नाही, आणि एचटीएमएल टिप्पणीच्या सुरुवातीचाही घोळ मिटतो. २०१९ च्या बदलाने हा धोका टळलेला नाही. तो एचटीएमएलचा नियम आहे, जावास्क्रिप्टचा नव्हे. जुनी इंजिनं सांभाळायची असतील तर यू+२०२८ आणि यू+२०२९ सुद्धा एस्केप करा. तीन बाइटचे सहा होतात, एवढाच खर्च. गो भाषेची प्रमाणित लायब्ररी हे आपणहून करते. पीएचपीत ७.१ पासून युनिकोड एस्केप न करायचा फ्लॅग दिला तरी ही दोन अक्षरं एस्केप होतात. नको असेल तर वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. डेटा मोठा असेल, तर तो लिटरल म्हणून न लिहिता स्ट्रिंगमध्ये गुंडाळून जेसन.पार्सला देणं जलद पडतं; क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या, व्ही८ च्या, मंडळींनी २०१९ मध्ये १० किलोबाइट आणि त्यापुढच्या ऑब्जेक्टसाठी हाच सल्ला दिला होता. त्यासाठी स्ट्रिंगिफायच्या निकालावर पुन्हा एकदा स्ट्रिंगिफाय चालवायचं. असं केलं की '__प्रोटो__' चाही प्रश्न मिटतो, कारण वाचणारा आता जेसन-पार्सर आहे.

आता पायथन. इथली मागणी अशी: स्मॉल अक्षरातले ट्रू, फॉल्स आणि नल भाषेत घ्या, की जेसन चिकटवता येईल. पायथनकडे कॅपिटल अक्षराने सुरू होणारे ट्रू, फॉल्स आणि नन आहेत. तीन नावांचा तर प्रश्न, एवढं काय, असं वाटतं.

ही नावं कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) केली तर ज्या ज्या कोडमध्ये ती चल, फंक्शन किंवा आर्ग्युमेंट म्हणून वापरली आहेत तो सगळा मोडतो. एसक्यूएल-अल्केमी ही डेटाबेससाठीची पायथन लायब्ररी घ्या: नल, ट्रू आणि फॉल्स या स्मॉल अक्षरातल्याच नावांची फंक्शनं ती लायब्ररी बाहेर देते. ३.७ मध्ये 'असिंक' कीवर्ड झाला तेव्हा ते नाव आर्ग्युमेंटला देणाऱ्या लायब्रऱ्यांची उडालेली धांदल हाच धडा देते. ३.१० मधल्या 'मॅच'सारखे मऊ कीवर्डही इथे कामाचे नाहीत. ते आजूबाजूच्या रचनेवरून ओळखले जातात, आणि नल तर जिथे कुठलंही नाव येऊ शकतं तिथे येणार. मग ओळखायचं कशावरून?

बिल्ट-इन नावं केली तर काही मोडत नाही, पण मिळतंही थोडंच. कुणीही त्या नावाला दुसरी किंमत देऊन ते झाकू शकतो. जावास्क्रिप्टच्या सवयीने स्मॉल अक्षरात ट्रू टाइप झालं तर आज नेमएरर येते, उद्या तो कोड चालून जाईल आणि एकाच फायलीत एकाच गोष्टीची दोन नावं फिरतील. आणि छापताना पायथन कॅपिटलच छापणार, एकेरी अवतरणासह. आत येणारा रस्ता रुंद झाला, बाहेर जाणारा होता तसाच.

हे सगळं मान्य केलं तरी खरी अडचण पुढे आहे, आणि ती या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. जेसन आणि पायथनच्या स्ट्रिंगचे एस्केप सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. जेसनमध्ये बॅकस्लॅश आणि तिरकी रेघ मिळून नुसती तिरकी रेघ होते. पायथनमध्ये दोन्ही अक्षरं तशीच राहतात, ३.१२ पासून सिंटॅक्सवॉर्निंग दिसते, त्याआधी बहुधा काहीच दिसत नव्हतं. पीएचपीचं जेसन-एन्कोड तर तिरकी रेघ आपणहून एस्केप करतं. तिथून आलेली प्रत्येक यूआरएल पायथनमध्ये चिकटवली की मधोमध बॅकस्लॅश घेऊन बसणार.

इमोजींचं त्याहून वाईट. यू+१एफ६०० हा हसरा चेहरा एस्केप करून लिहायचा तर जेसनमध्ये डी८३डी आणि डीई०० अशी सरोगेट जोडी (एका अक्षरासाठी दोन अर्धे कोड) लागते. जेसन-पार्सर ती जोडून एक अक्षर देतो. पायथनचं लिटरल मात्र दोन सुटे सरोगेट ठेवतं: लांबी २, आणि यूटीएफ-८ मध्ये लिहायला गेलं की युनिकोडएन्कोडएरर. तीही चिकटवल्या जागी येत नाही. फाइल किंवा नेटवर्कवर लिहिताना, भलत्याच मॉड्यूलमध्ये येते. जावास्क्रिप्टला हा त्रास नाही, कारण तिथे स्ट्रिंग मुळातच यूटीएफ-१६ च्या एककांची आहे. जेसन त्या घरातलं मूल आहे. दुसऱ्या घरात त्याच्या सवयी चालतील असं धरू नये.

म्हणून पायथनमध्ये ही तीन नावं घेऊ नयेत, या बाजूचा मी आहे. आज नल दिसताच कोड अडतो, म्हणजे चिकटवणाऱ्याला निदान कळतं की ही पायथन नव्हे. तो अडसर काढला की एस्केपमधले फरक बिनबोभाट आत येतात.

चिकटवायचंच असेल तर जेसन.लोड्सला (पायथनच्या जेसन-पार्सरला) तिहेरी दुहेरी-अवतरणातली रॉ स्ट्रिंग (जिच्यात बॅकस्लॅश तसाच राहतो) द्या. पुढचा आर विसरू नका. तो नसेल तर जेसनमधला बॅकस्लॅश-एन आधीच खरी न्यूलाइन होतो आणि पार्सर "अवैध नियंत्रण अक्षर" म्हणून नाकारतो. तिहेरी एकेरी अवतरण वापरू नका, कारण जेसनच्या स्ट्रिंगमध्ये तीन एकेरी अवतरणं लागोपाठ येऊ शकतात. एस्केप न केलेली तीन दुहेरी अवतरणं वैध जेसनमध्ये लागोपाठ येऊच शकत नाहीत. फक्त सुरुवातीला आणि शेवटी एकेक न्यूलाइन ठेवा, नाहीतर मजकूर अवतरणानेच संपत असेल तर चार एका रांगेत उभी राहतात.

रूबीने डिसेंबर २०१४ च्या २.२ मध्ये अवतरणातल्या की-पुढे विसर्गचिन्ह चालू दिलं. दिसायला हुबेहूब जेसन. पण की स्ट्रिंग न होता सिम्बॉल (रूबीचा वेगळा नाव-प्रकार) होते, त्यामुळे स्ट्रिंगने शोधलं की निल ('काहीच नाही') मिळतं, तर जेसन-पार्सरने वाचलेल्या त्याच मजकुरात किंमत मिळते. रूबीपुरता त्या सिंटॅक्सला अर्थ आहे. जेसनशी सुसंगती म्हणून त्याकडे बघणं चूक. भरीला, रूबीच्या दुहेरी अवतरणात # आणि महिरपी कंस आले की आतला मजकूर कोड म्हणून चालतो. परक्या ठिकाणाहून आलेलं जेसन तिथे चिकटवणं म्हणजे परक्याला कीबोर्ड देणं.

वायएएमएलची (सेटिंग-फायलींत वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या डेटा-फॉरमॅटची) गोष्ट या वादात कमी वेळा निघते, पण शिकण्यासारखी आहे. २००९ च्या १.२ आवृत्तीने जेसनचा सुपरसेट (प्रत्येक जेसन वैध धरणारा) व्हायचं ठरवलं आणि त्यासाठी जवळपास हीच दुरुस्ती केली: १.१ मध्ये ओळ तोडणारी यू+२०२८, यू+२०२९ आणि यू+००८५ ही अक्षरं १.२ मध्ये साधी केली. म्हणजे जावास्क्रिप्टने टाळलेला दुसरा उपाय. तिरक्या रेघेचा एस्केप घेतला, आणि अवतरणातल्या की-नंतरच्या विसर्गचिन्हानंतर जागा सोडायची सक्ती काढली. तपशील कागदावर छान. पण पायथनमधली लोकप्रिय पायवायएएमएल लायब्ररी १.१ च्या नियमांवर चालते, आणि तिथे जेसनमधला १ई३ हा आकडा न राहता स्ट्रिंग होतो, कारण १.१ च्या नियमात दशांश-चिन्हाशिवाय तो आकडा धरत नाही. टॅबने इंडेंट केलेलं जेसन तर ती थेट नाकारते. मानकाने "सुपरसेट" म्हटलं तरी वापरणाऱ्याच्या हातात असते ती लायब्ररीची आवृत्ती.

असा प्रस्ताव कुणी मांडत असेल तर मी आधी चाचणीची फाइल मागेन. तिच्यात हवं: उघडं यू+२०२८ असलेली स्ट्रिंग, '__प्रोटो__' की, एकच की दोनदा, रिकामी की, एस्केप केलेली तिरकी रेघ, सरोगेट जोडी आणि एक सुटा सरोगेट, ९००७१९९२५४७४०९९३, उणे शून्य, १ई४००, नुसतं नल असलेला अख्खा मजकूर, आणि एकात एक खूप खोल गेलेला अ‍ॅरे. शेवटचा विसरला जातो. सीपायथनचा (पायथनच्या मुख्य अंमलबजावणीचा) टोकनायझर (कोडचे सुटे घटक पाडणारा भाग) २०० च्या पुढच्या कंस-पातळ्या नाकारतो. तेवढी खोली त्याच्याच जेसन-पार्सरला सहज पेलते. प्रत्येक मजकूर दोन वाटांनी वाचायचा, एकदा लिटरल म्हणून आणि एकदा जेसन-पार्सरने, आणि निघालेल्या किमती टाइपसकट ताडून बघायच्या. "पार्स झालं" एवढ्यावर हिरवी खूण करणारी चाचणी रूबीलाही पास करेल.

व्याकरण जुळवून झालं तरी आजूबाजूची फंक्शनं जुन्याच समजुतीवर चालत असतात. पायथनचं लिटरल यू+२०२८ ला कधीच अडलं नाही, पण स्ट्रिंगची स्प्लिटलाइन्स ही मेथड त्यावर तोडते, यू+००८५ वरही. एका ओळीत एक जेसन अशी फाइल पूर्ण वाचून स्प्लिटलाइन्सने फोडली, आणि लिहिताना एन्श्युअर-अ‍ॅस्की (अस्कीबाहेरची अक्षरं एस्केप करायचा पर्याय) बंद ठेवलेलं असलं, तर धडधाकट नोंद मधोमध कापली जाते आणि दोन्ही तुकडे अवैध निघतात. फाइलवर थेट लूप चालवला तर तसं होत नाही. तो न्यूलाइन आणि कॅरेज रिटर्न एवढ्यांनाच ओळखतो.